बोअरच्या पाण्यात आर्सेनिक निघालंय, बाबांच्या तळव्यांवर गाठी आहेत, कॅन्सर असेल का?

मृण्मयी०७ :

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहायला पहिल्यांदाच बसलेय आणि डोकं ठिकाणावर नाहीये, त्यामुळे मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे आहेत. त्यांच्या तळहातांवर आणि तळपायांवर गेली सहा-सात वर्षं बारीक टणक गाठी आहेत, बऱ्याचशा मोहरीएवढ्या, काही त्याहून मोठ्या, हात फिरवला की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. आम्ही सगळे त्याला घट्टेच म्हणत होतो कारण बाबांचं आयुष्य हाताने काम करण्यात गेलं, ते स्वतः दर रविवारी गरम पाण्यात पाय बुडवून बसायचे आणि ब्लेडने तासून काढायचे, पंधरा दिवसांत परत जैसे थे. खाज नाही, दुखणं नाही, म्हणून कोणी मनावरच घेतलं नाही. छाती आणि पाठ काळवंडलीय आणि त्यात पांढरे ठिपके आहेत, धुळीच्या अंगणात पावसाचे चार थेंब पडून जावेत तसे. ते वयाचं म्हणून सोडून दिलं.

चार महिन्यांपूर्वी कमरेच्या जरा वर, बनियनच्या आत, एक लालसर खवलेदार चट्टा दिसला. नायटा समजून मेडिकलमधून मलम आणून लावत राहिलो, तो काही जाईना, उलट कडेने किंचित पसरला. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चट्टा पाहिला, मग हात उलटे करायला सांगितले, मग चपला काढायला सांगितल्या, आणि बाकी काही विचारायच्या आधी एकच विचारलं, पिण्याचं पाणी कुठलं आहे?

आमचं पाणी बोअरचं, १९ वर्षं झाली. त्यांनी सांगितलं म्हणून लॅबमध्ये तपासायला दिलं आणि काल रिपोर्ट आला. आर्सेनिक ०.११८ मिलिग्रॅम प्रति लिटर. बाजूच्या रकान्यात मर्यादा लिहिलीय ०.०१. म्हणजे जवळजवळ बारा पट! पाणी काचेसारखं स्वच्छ आहे हो, ना वास ना चव, आणि आई तर इतकी वर्षं नियमाने उकळून गार करून देते सगळ्यांना. तिला काल हे सांगितल्यापासून ती गप्प गप्प आहे, मीच सगळ्यांना पाजलं म्हणते.

चट्ट्याची बायोप्सी झालीय, रिपोर्टला आठ दिवस. तोवर मला झोप नाही. हा कॅन्सरच असेल का? आईने तेच पाणी तेवढीच वर्षं प्यायलंय, तिच्या अंगावर एकही डाग नाही, मग तिला काही नाही असं धरायचं का? भावाची मुलगी चार वर्षांची आहे, जन्मापासून याच पाण्यावर. आणि आता पाण्याचं काय करायचं, फिल्टर बसवला की झालं का? ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज लिहा, गूगल करून करून मी अजून घाबरलेय.

त्वचाविद :

मृण्मयी, मी स्किनचीच डॉक्टर आहे. फोटो किंवा वर्णनावरून निदान करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी हात उलटे करायला लावून पाण्याचं विचारलं म्हणजे तुम्ही योग्य माणसाकडे पोचलायत एवढं नक्की. भल्याभल्यांच्या हातून हे निसटतं.

तुम्ही जे तीन प्रकार लिहिलेत ते एकत्र दिसले की पाणी विचारायलाच हवं असं आम्हाला शिकवतात. अंग काळवंडून त्यावर पांढरे थेंब, याला इंग्रजीतही पावसाच्या थेंबांचंच नाव आहे, तुम्ही न वाचता तीच उपमा दिलीत. दुसरं तळहात-तळपायांवरच्या टणक गाठी. घट्टे जिथे घासलं जातं तिथे येतात, दोन्ही तळव्यांवर सगळीकडे विखुरलेले येत नाहीत. आर्सेनिकच्या गाठी तळव्याच्या खोलगट भागात, बोटांच्या बाजूंना, जिथे कसलाही दाब पडत नाही तिथेही असतात. आणि तिसरा तो चट्टा. उन्हामुळे होणारा त्वचेचा कॅन्सर चेहऱ्यावर, कानावर, हाताच्या वरच्या बाजूला येतो, आर्सेनिकचा मात्र कपड्यांनी झाकलेल्या जागी येतो, आणि एकाच वेळी दोन-चार ठिकाणीही असू शकतो. म्हणून पाठ, पोट, मांड्या, कुल्ले, सगळं अंग नीट उजेडात बघून घ्या, बाबांना संकोच वाटला तरी.

आता कॅन्सरचं. अशा खवलेदार, मलमाला दाद न देणाऱ्या चट्ट्याचं बायोप्सीत बऱ्याचदा बोवेन्स डिसीज निघतं. हा कॅन्सरच असतो पण त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात अडकलेला, खाली उतरलेला नाही. या पायरीवर सापडला तर कापून, गोठवून किंवा मलमाने पूर्ण काढता येतो. तो खाली उतरला की त्याला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात, ती पुढची पायरी, आणि आर्सेनिकने बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा वेगळा कॅन्सरही होतो. पण बायोप्सी केलीच आहे, आठ दिवस थांबा, अंदाज बांधत बसू नका.

गाठी असणारा प्रत्येक माणूस कॅन्सरकडे जातो असं मुळीच नाही हेही ऐका. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या आर्सेनिकच्या विहिरींचं पाणी पीत होते, तिथे ४०,४२१ लोकांची घरोघर जाऊन तपासणी झाली आणि १९६८ मध्ये ते आकडे छापून आले. दर हजारी साधारण १८४ जणांची त्वचा काळवंडलेली, ७१ जणांच्या तळव्यांवर गाठी, आणि त्वचेचा कॅन्सर १०-११ जणांना. एवढं प्रचंड आर्सेनिक असूनही. त्याच भागात पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडून पाय काळे पडायचे, त्याला ब्लॅकफूट म्हणायचे, तो मात्र हजारात नऊ जणांना.

आईच्या अंगावर डाग नाहीत हे चांगलंच आहे, पण त्यावर विसंबू नका. एकाच घरात एकाच पाण्यावर एकाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही, हे सर्रास बघायला मिळतं. लिव्हर आर्सेनिकचं रूप बदलून लघवीवाटे बाहेर टाकतं, हे काम प्रत्येकाचं शरीर सारखं करत नाही, जनुकांवर अवलंबून आहे, खाण्यापिण्यातल्या पोषणावर आहे, आणि पुरुषांमध्ये डाग-गाठींचं प्रमाण जास्त दिसतं. आर्सेनिक फक्त कातडीला धरत नाही, फुप्फुस आणि मूत्राशयाचा कॅन्सरही त्यातून होतो हे पक्कं सिद्ध आहे, शिवाय बीपी, हृदयविकार, डायबेटिस, हातापायांना मुंग्या, जुनाट खोकला. त्यामुळे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बीपी, शुगर, लघवीची साधी तपासणी करून घ्या. लघवीत रक्त दिसलं, दुखत नसेल तरीही, त्याच दिवशी डॉक्टरकडे. बाबा बिडी-सिगारेट ओढत असतील तर ती आजच बंद, आर्सेनिक आणि तंबाखू मिळून फुप्फुसाचा धोका कितीतरी वाढवतात.

आणि ते ब्लेड फेकून द्या. तासत राहिलं की गाठ कधी बदलली तेच कळत नाही. गाठ भेगाळली, रक्त आलं, पटकन वाढली, दुखायला लागली, बूड कडक झालं, किंवा जखम महिनाभर भरली नाही, तर दाखवायचीच.

पाणकळा :

डॉक्टरताईंनी शरीराचं सांगितलंय, मी पाण्याचं सांगतो, पाणी तपासणीच्या लॅबमध्ये २२ वर्षं काढलीत.

आधी आईंना सांगा की उकळण्यात त्यांची काही चूक नाही. उकळल्याने जंतू मरतात आणि त्यासाठी ते बरोबरच होतं. पण आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ते मरत नाही की वाफेबरोबर उडून जात नाही, उलट पाणी आटलं की उरलेल्या पाण्यात थोडं वाढतंच. साधा कॅंडलचा फिल्टर, यूव्ही, तुरटी फिरवून गाळणं, घरगुती कार्बन फिल्टर यातलं काहीही भरवशाचं नाही. पाणी स्वच्छ दिसणं आणि चव चांगली असणं याचाही काही संबंध नाही. सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचंच, विष जुन्या काळी का वापरायचे, तर कळत नाही म्हणूनच. माझ्या टेबलावर दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, एकात लिटरमागे २ आणि दुसऱ्यात २०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक, तर मी इतकी वर्षं हेच काम करूनही डोळ्यांनी सांगू शकणार नाही.

तुमचा आकडा ०.११८ मिलिग्रॅम म्हणजे ११८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, यालाच पीपीबी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे, १९९३ च्या आधी तीच ५० होती. म्हणजे ११८ हे जुन्या मापानेही खूप आहे. तरी एकदा दुसऱ्या लॅबकडून खात्री करून घ्या, पण ती होईपर्यंत वाट बघायची नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला हे पाणी आजपासून बंद. स्वयंपाकाचं लोक विसरतात, भात, डाळ, कणीक सगळं पाणी पिऊन घेतं, आणि भाताचं पीकच आर्सेनिक शोषणारं, त्यात आर्सेनिकच्या पाण्यात शिजवला तर दुहेरी. आंघोळ, कपडे, भांडी, फरशी यांना चालेल, कातडीतून ते फारसं आत जात नाही. लहान मुलं दात घासताना पाणी गिळतात म्हणून तिच्या ब्रशला वेगळं पाणी ठेवा.

लोक विचारतात जवळपास कुठे केमिकल फॅक्टरी नाही मग आलं कुठून. बहुतेक ठिकाणी ते जमिनीतूनच येतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात हिमालयातून हजारो वर्षं वाहून आलेला गाळ आहे, त्यातल्या लोखंडाच्या गंजासारख्या थराला आर्सेनिक चिकटलेलं असतं. जिथे जमिनीखाली हवा पोचत नाही आणि कुजका पालापाचोळा आहे तिथे जिवाणू तो गंज विरघळवतात आणि आर्सेनिक सुटून पाण्यात येतं. म्हणून तिथे उघड्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा आर्सेनिकपुरतं ठीक निघतं आणि शेजारचा हापसा विषारी. पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्ये डॉ. के. सी. साहा यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये पहिले पेशंट ओळखले, तेही स्किनचेच डॉक्टर. पुढे जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांनी उभी हयात गावोगावचे हापसे तपासण्यात घालवली, बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगडच्या राजनांदगावपर्यंत.

बांगलादेशची गोष्ट तर प्रत्येकाने वाचावी अशी. तळ्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावायची म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो हापसे बसवले गेले, हेतू अगदी चांगला, पण तेव्हा पाण्यात आर्सेनिक आहे का हे तपासायचा रिवाजच नव्हता. १९९३ मध्ये ते सापडलं आणि २००० साली ३.५ ते ७.७ कोटी लोक धोक्यात असल्याचा अंदाज छापला गेला, इतिहासातली सगळ्यात मोठी सामूहिक विषबाधा म्हणून. मग पन्नासेक लाख हापसे तपासले आणि तोटीला रंग दिला, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे चालेल. बऱ्याच ठिकाणी लाल हापशापासून चार घरं सोडून हिरवा होता. म्हणून तुमच्याकडेही शेजाऱ्यांचा बोअर तपासल्याशिवाय त्यांच्याकडून पाणी आणू नका. 'अजून खोल मारा' या सल्ल्यावरही डोळे मिटून जाऊ नका. बांगलादेशात १५० मीटरच्या खाली बहुतेक पाणी चांगलं लागतं, पण तैवानमध्ये शंभर मीटरपेक्षा खोल विहिरींनीच घात केला होता.

फिल्टरचं, आरओने बरंचसं जातं पण त्यात एक मेख आहे. आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत असतं, आणि बोअरच्या पाण्यात जे रूप जास्त असतं तेच आरओच्या पडद्यातून जास्त सुटतं. आधी क्लोरीनने त्याचं रूप बदलून घेतलं तर पकडलं जातं. लोखंडाच्या ऑक्साइडचे किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे खास फिल्टर असतात, ते चांगले, पण त्यातला माल भरत आला की आर्सेनिक सरळ पुढे जायला लागतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. त्यामुळे काहीही बसवा, फिल्टरच्या तोटीखालचं पाणी लॅबला पाठवा, बसवल्यावर एकदा आणि पुढे दर काही महिन्यांनी. तपासलेलं नळाचं पाणी किंवा नीट साठवलेलं पावसाचं पाणी मिळत असेल तर मी फिल्टरपेक्षा तेच घेईन.

शमा_जे :

मृण्मयी, तुझ्या आईचं वाक्य वाचून मला राहवलं नाही. आमच्याकडे सासूबाई अगदी हेच म्हणत बसायच्या.

माझ्या सासऱ्यांना हे झालं होतं. आमच्याकडे कोणी चपला काढायला लावल्या नाहीत. सात वर्षं तीन डॉक्टर झाले, एकाने कुरूप म्हणून सांगितलं, एकाने चामखीळ म्हणून जाळून दिली, एकाने सोरायसिसचं औषध वर्षभर दिलं. तेव्हा राग यायचा, आता वाटतं की ज्याने कधी पाहिलं नाही त्याला सुचणार कसं. शेवटी पाणी तपासलं गेलं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी पेशंट सापडला म्हणून.

पाणी बदललं आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला, हीच आमची चूक झाली आणि त्याच्यासाठीच मी लिहितेय. वर्ष-दीड वर्षात छातीवरचे डाग थोडे फिके पडले, गाठी मऊ झाल्यासारख्या वाटल्या, सगळ्यांना वाटलं संपलं. तपासणीला जाणं हळूहळू बंद झालं. पाणी सोडून अकरा वर्षं झाली होती, एके दिवशी मी केर काढताना त्यांच्या खोलीतल्या पायपुसण्यावर रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला. दुसऱ्या दिवशी परत. विचारलं तर म्हणाले टाच भेगाळलीय, थंडीचं आहे. मी टाच हातात धरून बघितली, भेग नव्हतीच ती, जुन्या गाठीच्या मधोमध एक खळगा पडला होता आणि त्याची कड फुलकोबीसारखी उचललेली. स्क्वॅमस सेल निघाला. टाचेचा भाग काढावा लागला, मांडीची कातडी लावली, कॅन्सर पसरलाय का म्हणून जांघेतली लिम्फची गाठ तपासली ती सुदैवाने स्वच्छ होती. पुढे ते नऊ वर्षं जगले आणि गेले ते हार्टने, पण काठीशिवाय चालले नाहीत.

त्यांच्या दुखण्यामुळे मी खूप वाचलं. चिलीमध्ये आन्तोफागास्ता शहराला १९५८ मध्ये नदीचं नवीन पाणी आणलं, त्यात आर्सेनिक ८०० पीपीबीच्या वर होतं, १९७० मध्ये शुद्धीकरणाचा प्लांट सुरू झाला, म्हणजे जेमतेम बारा वर्षं लोक ते पाणी प्यायले. पण फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीही चढेच होते. पाणी बदललं की नवीन विष आत जाणं थांबतं, जे होऊन गेलंय ते शरीर विसरत नाही लगेच.

म्हणून रिपोर्ट काहीही येवो, दर सहा महिन्यांनी अंग तपासायचं हे कॅलेंडरवर लिही, दरवर्षी, दहा वर्षांनीसुद्धा. मी आता नवऱ्याचे तळवे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खिडकीपाशी बसवून बघते आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवते, एकाच उजेडात, बाजूला पट्टी ठेवून. तोही लहानपणी तेच पाणी प्यायलाय.

आणि आईला एकटं सोडू नकोस. तिला जे शिकवलं होतं तेच केलं तिने.

ओंकार५५ :

माझ्या ओळखीत एकांनी अंगातले जड धातू बाहेर काढायचा कोर्स केला होता, सलाइनमधून देतात, त्याला चेलेशन म्हणतात. शिवाय भस्मांचाही उपयोग होतो असं ऐकलंय. एवढ्या वर्षांचं साठलेलं विष नुसतं पाणी बंद करून कसं जाईल? विचारून बघा, वेळ घालवू नका.

त्वचाविद :

ओंकार, तुम्ही काळजीपोटी लिहिलंय हे कळतंय, पण इथे थांबवते कारण घाबरलेली माणसं पहिले पैसे यातच घालवतात.

साठलेलं विष ही कल्पनाच इथे नीट लागू होत नाही. शिशासारखं आर्सेनिक हाडांत वर्षानुवर्षं बसून राहत नाही, पोटात गेलेल्यातलं बरंचसं काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं. रोज पाण्यातून नवीन जातं म्हणून ते कायम अंगात दिसतं. नुकसान होतं ते पेशींच्या आतल्या यंत्रणेत, डीएनए दुरुस्त करण्याची ताकद कमी होते वगैरे, आणि ते सलाइनने ओढून काढता येत नाही. एकदम मोठा डोस पोटात गेला असेल त्या वेळी चेलेशनला जागा आहे. वर्षानुवर्षं पाणी प्यायलेल्या पेशंटवर पश्चिम बंगालमध्येच डीएमएसए या औषधाची खोट्या गोळीशी तुलना करून चाचणी झाली होती, काही फायदा दिसला नाही.

भस्मांबद्दल तर हात जोडून सांगते, काही जुन्या औषधांत स्वतःच सोमल असतं, घरात चालू असेल तर डॉक्टरांना डबी दाखवा. आर्सेनिकने त्वचेचा कॅन्सर होतो हे जगाला पाण्यातून कळलंच नाही, औषधातून कळलं. १७८६ मध्ये फाउलर नावाच्या इंग्रज डॉक्टरने आर्सेनिकचं एक द्रावण काढलं, तापापासून सोरायसिसपर्यंत सगळ्याला ते शंभर-दीडशे वर्षं देत होते. ते घेणाऱ्यांच्या तळव्यांवर गाठी आणि मग कॅन्सर होताना हचिन्सन यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिलं.

उपाय साधे आहेत आणि म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. पाणी बदलणं हा पहिला आणि सगळ्यात मोठा. गाठींना सॅलिसिलिक ॲसिड किंवा युरियाचं मलम, डॉक्टरांनी सांगितलेल्या जोराचंच. जेवण चौरस हवं, फोलेट (एक बी जीवनसत्त्व) कमी असणाऱ्यांना ते दिल्यावर रक्तातलं आर्सेनिक उतरल्याचं बांगलादेशात दिसलंय, पण गोळ्या तपासून आणि विचारूनच.

मृण्मयी, छोटीचं राहिलं. गर्भात आणि लहानपणी गेलेलं आर्सेनिक जास्त महत्त्वाचं मानतात, मुलं वजनाच्या मानाने पाणीही जास्त पितात. पण चार वर्षांनंतर पाणी थांबलं आणि त्रेसष्टाव्या वर्षी थांबलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिच्या बालरोगतज्ज्ञांना पाण्याचा रिपोर्ट दाखवून फाइलला लावा, तो कागद तिच्याबरोबर मोठा व्हायला हवा. सगळ्यांची लघवीतल्या आर्सेनिकची टेस्ट करायची तर आधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी, खेकडे खाऊ नका, त्यातलं निरुपद्रवी आर्सेनिक आकडा उगाच फुगवतं. आणि ती टेस्ट गेल्या काही दिवसांचंच सांगते, नॉर्मल आली म्हणजे १९ वर्षं पुसली गेली असं नाही.

मृण्मयी०७ :

सगळ्यांचे आभार कसे मानू. बायोप्सी आली. बोवेन्स डिसीज, खाली उतरलेला नाही. डॉक्टरांनी सगळं अंग तपासलं तेव्हा डाव्या खांद्याच्या पाठीवर अजून एक तसाच बारका चट्टा सापडला, तो आम्हाला कोणालाच दिसला नव्हता. दोन्ही पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. शमाताई, तुमची पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली, ते काही बोलले नाहीत पण दुपारी बघते तर ब्लेडचं पाकीट कचऱ्यात होतं. बिडीचं अजून जमत नाहीये, पाच वरून दोनवर आलेत.

आईला बीपी निघालं, पूर्वी कधी तपासलंच नव्हतं. बाकी तिचं सगळं ठीक. पाणकळा दादा, तुमचा मेसेज तिला दोनदा वाचून दाखवला, उकळण्यात चूक नाही हे कोणीतरी बाहेरच्याने सांगायला हवं होतं, त्या रात्री ती नीट जेवली. छोटीची लघवीची टेस्ट दिलीय.

पाणी आता नळाचं आणतोय, लॅबमधून तपासून घेतलं, आर्सेनिक सापडलं नाही. हंडे भरून आणायला त्रास होतो पण फिल्टरचं नंतर बघू. काल मी ऑफिसमधून आले तर बाबा बोअरच्या तोटीपाशी उकिडवे बसले होते, गेटला लावायला आणलेला लाल ऑइलपेंट उरला होता तो लावत होते, हाताच्या गाठींमुळे ब्रश नीट धरता येत नाही त्यांना, भिंतीवर ओघळ आलेत. मी बांगलादेशचं वाचून दाखवलं होतं ना, ते लक्षात ठेवलं त्यांनी. ते बघून शेजारचे काका विचारायला आले आणि आता आमच्या बाजूच्या पाच घरांना पाणी तपासून घ्यायचंय, त्यातल्या दोघांना तळव्यांवर तसंच आहे असं म्हणतात. दादा, पाण्याचे नमुने साध्या बाटलीत नेले तर चालतील का? आणि एकत्र करून एकच टेस्ट केली तर खर्च वाचेल असं एकजण म्हणत होते.

पाणकळा :

एकत्र अजिबात करू नका, एका वाईट बोअरचा आकडा चार चांगल्यांत मिसळून मर्यादेच्या आत दिसू शकेल आणि ज्याचं पाणी वाईट तोच पीत राहील. प्रत्येक बोअरची वेगळी बाटली. बाटल्या लॅबकडूनच मागून घ्या, धातूंच्या तपासणीसाठी त्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब घालावे लागतात, नाहीतर बोअरच्या पाण्यातलं लोखंड तळाशी बसतं, त्याच्याबरोबर आर्सेनिकही बसतं आणि रिपोर्ट खोटाच कमी येतो. ॲसिड असलेली बाटली विसळायची नाही, आतल्या ॲसिडला हात लावायचा नाही, मुलांपासून लांब. पंप पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मगच भरा, टाकीतलं पाणी नको, थेट बोअरचं हवं.

बाटलीवर घराचं नाव, तारीख आणि बोअर किती खोल आहे ते लिहा, खोली माहीत नसेल तर ज्याने मारला त्याला विचारा, वहीत असतं त्यांच्या. आणि ज्या दोघांना तळव्यांवर आहे त्यांनी रिपोर्टची वाट न बघता आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जावं, तुमच्याच डॉक्टरांकडे पाठवा.

मृण्मयी०७ :

रविवारी भरतो. त्या दोघांना घेऊन बाबाच जाणार आहेत मंगळवारी, स्वतःच्या ड्रेसिंगच्या वेळीच. रिपोर्ट आले की इथेच टाकते.